ऐंशी हजारांची केबल आणि दूध पिणारा वरवंटा

तुझा मेसेज दोनदा वाचला. ८०,००० रुपयांची स्पीकर केबल घ्यावी का, हा पहिला प्रश्न. त्याच्या शेपटाला बांधलेला दुसरा असा, की 'सर, तुम्ही देव मानत नाही, मग दरवर्षी देवळाचा अ‍ॅम्प्लिफायर का दुरुस्त करून देता? आणि हे धावणं, गच्चीवरची बाग, यांचा इलेक्ट्रॉनिक्सशी काही संबंध आहे का, की निवृत्तीनंतरचे चाळे?'

पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. नको. पण तू शेवटच्या बाकावरून 'का' विचारणाऱ्यांपैकी होतास, तेव्हा एका शब्दावर सुटका होणार नाही हे मला माहीत आहे. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच्या पोटातच आहे, म्हणून जरा बैस.

आधी हिशेब. तुझ्या हॉलमध्ये अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकर फार तर ५ मीटर. म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. घरात बोर्डाच्या वायरिंगला वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची वायर घेतलीस, तर तिचा रेझिस्टन्स किलोमीटरला १२ ओहमच्या आसपास, म्हणजे १० मीटरला ०.१२ ओहम. स्पीकर ८ ओहमचा. यात आवाज किती कमी होतो, तर साधारण ०.१३ डेसिबल (आवाजाची पातळी मोजायचं एकक). हा फरक तुझ्या कानाला कळणार नाही, माझ्या कानाला तर नाहीच, साठीनंतर मला तर वरच्या पट्टीतले बारीक आवाजही ऐकू येईनासे झालेत. हां, कोणी अर्ध्या चौरस मिलिमीटरची घंटीची वायर वापरली तर तोटा ०.४ डेसिबलपर्यंत जातो, आणि स्पीकरचा ८ ओहम हा काही सगळ्या फ्रिक्वेन्सीला ८ नसतो, कुठे ५ असतो, कुठे २५, त्यामुळे तिथे स्वरात किंचित फरक पडू शकतो. म्हणजे केबलने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणत नाही. बारीक वायरने पडतो. जाड झाल्यावर पडत नाही. आणि 'जाड' हे पुण्याच्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, मीटरच्या भावाने मिळतं. फक्त घेताना टोक चाकूने खरवडून बघ. आत पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, त्याचा रेझिस्टन्स दीडपट धर. आजकाल बाजारात हा माल फार आहे.

आता तू म्हणशील, 'पण सर, शोरूममध्ये मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, महागडी केबल लावल्यावर तंबोरा उघडला.' ऐकलं असशील. खोटं बोलतोयस असं नाही. मीही ऐकलंय, आणि ती गोष्ट तुमच्या बॅचला कधी सांगितली नाही, कारण तेव्हा अब्रूची काळजी होती.

माझ्या घरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये इनपुटला साधा कंडेन्सर होता. कुठल्याशा मासिकात वाचून मी त्याच्या दसपट किमतीचा पॉलिप्रॉपिलिनचा आणला. हुशारी अशी केली, की जुना-नवा दोन्ही ठेवून मधे टॉगल स्विच लावला, म्हणजे बसल्या जागी तुलना करता येईल. दोन संध्याकाळी ऐकलं. नव्याने आवाज रेशमी झाला होता, तारेवरची बोटं वेगवेगळी ऐकू येत होती. शेजारच्या तबलावाल्या मित्राला बोलावलं. त्यानेही मान डोलावली, 'चाटेचा नाद मोकळा झालाय,' म्हणाला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कामासाठी झाकण उघडलं, आणि स्विचच्या तिन्ही पायांवर सोल्डरचा एक टपोरा थेंब पसरलेला दिसला. तिन्ही पाय एकमेकांना जोडलेले. स्विच वर करा, खाली करा, दोन्ही कंडेन्सर कायम पॅरलल, म्हणजे दोन्ही एकदमच जोडलेले. दोन संध्याकाळी आम्ही दोघं तारीफ करत होतो ती स्विचच्या 'टक्' आवाजाची.

तेव्हापासून मी कानावर विश्वास ठेवायचा सोडलेला नाही. कानाला उत्तर आधी सांगायचं सोडलंय.

तुला करून बघायचंच असेल तर असं कर. दोन केबल, आणि बदलणारा माणूस पडद्यामागे. कुठली लावली हे तुला कळता कामा नये आणि त्याचा चेहराही दिसता कामा नये. त्याआधी दोन्हींचा आवाज सारखा कर, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त लोक हेच विसरतात. किंचित मोठा आवाज माणसाला मोठा वाटत नाही, 'चांगला' वाटतो. शोरूमवाल्यांना हे तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. ४०० हर्ट्झचा टोन वाजव, मल्टीमीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोज. एका केबलला २.०० व्होल्ट, दुसऱ्याला २.०२ असेल तर चालेल, ते ०.१ डेसिबलच्या आत आहे. टोन ४०० हर्ट्झचाच, कारण स्वस्तातला मीटर त्याच्या वर खरं बोलेल याची खात्री नसते. मग १६ वेळा बदलायचं, प्रत्येक वेळी नाणं उडवून ठरवायचं कुठली लावायची, आणि तू कागदावर लिहायचं. १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर आले तर मी म्हणेन, काहीतरी ऐकू येतंय. नुसत्या अंदाजपंचे ठोकत १२ किंवा जास्त येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते.

इथे एक खोच आहे आणि माझ्या मते सगळ्या उत्तराचा गाभा तिथेच आहे. समज, मी वर्गातल्या २० पोरांना बसवलं, प्रत्येकाला १० वेळा ऐकवलं, आणि दोन्ही बाजूंना एकच केबल लावली. म्हणजे फरक शून्य. तरी २० पैकी एखादा पोरगा १० पैकी ८ किंवा जास्त 'बरोबर' सांगेल याची शक्यता किती? गणित करून बघ, तीनात दोन. मग तो पोरगा सोनेरी कानाचा ठरतो. त्याचा फोटो लागतो, बाकीचे १९ घरी जातात आणि त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही.

नवसाचं यापेक्षा वेगळं काय असतं? हजार जण नवस बोलतात, चारशे जणांचं काम असंही होणारच असतं. ते चारशे पेढे घेऊन येतात, पाळणा बांधतात, घंटा टांगतात. ज्यांचं झालं नाही ते घंटा टांगत नाहीत. देवळात गेल्यावर मला तरी कुठे 'काम झालं नाही' अशी पाटी लावलेली दिसली नाही. ती पाटी शोधायची सवय मला देवधर्माच्या वाचनातून नाही, कंडेन्सरवरून लागली, एवढंच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पण पुढे ऐक.

२१ सप्टेंबर १९९५. तू तेव्हा चौथी-पाचवीत असशील. गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. आमच्या तंत्रनिकेतनात त्या दिवशी दुपारनंतर निम्मी पोरं गायब, आणि उरलेली मला विचारतायत, सर, खरं आहे का? मीही गेलो रांगेत, कारण न बघता बोलणं हे काही शास्त्र नव्हे. पुढे दोन बायका होत्या. चमचा काठोकाठ भरलेला, सोंडेला टेकवलेला, हात किंचित पुढे कललेला. दूध हळूहळू कमी होत होतं, हे खरंच. कोणी लबाडी करत नव्हतं. फक्त सगळ्यांची नजर चमच्यावर होती. मी सोंडेखाली बघितलं तर छाती-पोटावरून दुधाचा पातळ पापुद्रा ओघळत होता. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध, दिसणार कसं? पायाशी अभिषेकाचं पाणी होतंच, ते पांढरट झालेलं.

दुसऱ्या दिवशी मी घरून वरवंटा घेऊन गेलो. लॅबच्या टेबलावर उभा केला, आधी पाण्याने ओला केला, दुधाने भरलेला चमचा त्याला टेकवला. वरवंटा दूध प्यायला. काठोकाठ भरलेल्या दुधाला पृष्ठताणामुळे वर फुगवटा येतो, तो ओल्या दगडाला लागला की दूध दगडाला धरून खाली ओढलं जातं, मागचं दूध त्याच्यामागे येतं. मग दुधात थोडी लाल शाई टाकली, तेव्हा काळ्या दगडावरून उतरणारी लाल रेघ सगळ्यांना दिसली. दिल्लीत सरकारी विज्ञान विभागाच्या शास्त्रज्ञांनीही रंग टाकून हेच दाखवलं होतं. पोरं हसली, टाळ्या वाजल्या, मी खुशीत.

संध्याकाळी वरवंटा परत घेऊन घरी आलो आणि आईला सगळं सांगितलं. तिने वरवंटा हातातून घेतला, शाई बघून वैतागली, चिंचेने घासायला बसली. घासता घासता म्हणाली, "मग? वरवंट्यात देव नाही असं कोण म्हणालं तुला?"

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. 'मूर्ती दूध पिते' हे तपासता येतं, शाई टाकली की संपलं. 'चराचरात देव आहे' याच्यात शाई टाकायला जागाच नाही. मला ते पटत नाही, पण पटत नाही म्हणजे मी ते खोटं ठरवलं असं नव्हे. हा फरक मला आईने वरवंटा घासताना शिकवला, आणि तो न कळलेले नास्तिक मला अंगारेवाल्या बाबांइतकेच कंटाळवाणे वाटतात. (आई शेवटपर्यंत त्याच वरवंट्यावर चटणी वाटत होती. लाल डाग पूर्ण कधी गेला नाही.)

धावण्याबद्दल. बेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबला चढताना धाप लागली म्हणून सुरू केलं. साताऱ्यात धावायला लागलं की चढ चुकत नाही. पोवई नाक्यापासून कुठेही निघा, अजिंक्यताऱ्याकडे, नाहीतर बोगद्याच्या बाजूला, नाहीतर यवतेश्वरचा घाट. २०१२ पासून याच घाटात हिल मॅरेथॉन होते आणि आता पुण्या-मुंबईची माणसं रंगीत बूट घालून येतात, मी सुरू केलं तेव्हा घाटात एकटं धावणाऱ्याला कुत्री आणि दूधवाले एवढीच सोबत असायची.

साठीला पोरीने मनगटावरचं घड्याळ दिलं, नाडी दाखवणारं. पहिल्याच आठवड्यात सपाटीवर अगदी निवांत, बोलत बोलत धावताना घड्याळ १७६ दाखवायला लागलं आणि मनगटावर थरथरायला लागलं. नाडी जास्तीत जास्त किती जाऊ शकते याचा लोक मानतात तो हिशेब म्हणजे २२० वजा वय. माझा आकडा १५९-१६०. म्हणजे घड्याळाच्या मते मी मेलो होतो. उभा राहिलो, गळ्याला दोन बोटं लावली, १५ सेकंद मोजले. ३४ ठोके. चार पट, १३६.

मग १७६ कुठून आलं? घड्याळाच्या पोटाशी हिरवे एलईडी असतात आणि शेजारी प्रकाश मोजणारा फोटोडायोड. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, ठोक्यागणिक मनगटातलं रक्त कमी-जास्त होतं, तसा परतलेला प्रकाश कमी-जास्त होतो, त्यावरून नाडी. पण धावताना हातही हलतो, पट्टा सैल असला की घड्याळ कातडीवर सरकतं आणि प्रकाशातला तो चढउतार नाडीपेक्षा मोठा होतो. माझी पावलं मिनिटाला १७६ पडत होती. घड्याळ माझं हृदय नाही, माझे बूट मोजत होतं. सिग्नलपेक्षा नॉइज मोठा झाला की उपकरण नॉइजलाच सिग्नल समजतं, हे मी तुम्हाला तिसऱ्या सेमिस्टरला शिकवलं होतं, आणि तरी मी मिनिटभर घाबरलोच. पट्टा एक भोक आवळला, मनगटाच्या हाडाच्या वर सरकवला, ठीक झालं. आणि २२० वजा वय हाही सगळ्यांचा सरासरी आकडा, एकेका माणसात दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज असतात. मी आता आकडे घरी आल्यावर बघतो. धावताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का एवढंच बघतो, हे मीटर बिघडत नाही.

गुडघ्याची गोष्ट मात्र माझ्या अब्रूची दुसरी. घाट उतरताना वाटीच्या खाली दुखायला लागलं. एका स्नेह्याने लोहचुंबक बसवलेला नी-कॅप दिला. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस, मला माहीत होतं की त्या चुंबकाचं क्षेत्र कापड ओलांडून आत जाईपर्यंत त्यात काही राम उरत नाही. पण दुखणं असं, की मी घातला. तीन आठवड्यांत गुडघा बरा. मी सहा जणांना सांगितलं, 'शास्त्र काही म्हणो, मला गुण आला.' हे वाक्य मी उच्चारलं, लिहून ठेव.

पुढच्या पावसाळ्यानंतर तेच दुखणं, तोच गुडघा. नी-कॅप पोरीकडे राहिला होता. तीन आठवडे उतार बंद केला, फक्त चढायचं आणि येताना एसटीने यायचं. तीन आठवड्यांत बरा. तेव्हा उमगलं की पहिल्या वेळीही मी दुखतंय म्हणून उतार टाळलाच होता. आणि माणूस उपाय करतो कधी? दुखणं शिगेला पोचल्यावर. शिगेवरून ते खालीच येणार, तेव्हा हातात जे असेल त्याला श्रेय जातं. अंगारा असेल तर अंगाऱ्याला, लोहचुंबक असेल तर लोहचुंबकाला. मी त्या सहाही जणांना परत गाठून सांगितलं की माझं चुकलं. पहिल्यांदा सहाही जणांनी नीट ऐकलं होतं. दुसऱ्यांदा दोघांनी ऐकलं. एकाने तोवर नी-कॅप विकत घेतला होता, तो म्हणाला, 'मला तर फरक आहे सर.'

गच्चीवरची बाग खरं तर तुझ्या काकूंची, म्हणजे माझ्या बायकोची, मी तिथे मजूर. माझं योगदान म्हणून मी मातीचा ओलावा मोजणारं मीटर आणलं, ते दोन दांड्यांचं, बॅटरी न लागणारं. बॅटरी लागत नाही यावरच खरं तर संशय यायला हवा होता. त्या दोन दांड्या दोन वेगळ्या धातूंच्या असतात, मातीतलं पाणी हे इलेक्ट्रोलाइट, वीज वाहून नेणारा द्राव, म्हणजे ती कुंडी हाच एक सेल, आणि वरचा काटा त्या सेलचा करंट दाखवतो. मग तो ओलावा दाखवतो की क्षार? दोन पेले घेतले. एकात इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात बोअरचं पाणी चिमूटभर मीठ टाकून. दोन्हीकडे पाणीच पाणी. मिठाच्या पेल्यात काटा टोकाला गेला, डिस्टिल्डमध्ये जेमतेम हलला. म्हणजे खत टाकलं की कुंडी 'ओली' आणि पावसाच्या पाण्यात भिजली की 'कोरडी'. काकू मात्र कुंडी दोन्ही हातांनी जराशी उचलते आणि सांगते, 'हिला उद्या.' गेल्या उन्हाळ्यात मी आठ दिवस तिचा अंदाज आणि वजनकाटा ताडून पाहिला. तिच्या प्रयोगात खोट निघाली नाही. मीटर आता नातवाच्या खेळण्यांत आहे.

जीवामृताचंही करून पाहिलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती, ते मिश्रण. काही लोक त्याच्या नावाने ताम्रपट काढतात, काही थट्टा करतात. मी टोमॅटोच्या १२ पिशव्या केल्या, चिठ्ठ्या टाकून सहांना जीवामृत आणि सहांना नुसतं पाणी, कंपोस्ट सगळ्यांना सारखं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक टोमॅटो मोजला, वहीत लिहिला. जीवामृतवाल्या सहांचं वजन थोडं जास्त भरलं. पण खाली बघ: पांढऱ्या भिंतीकडेच्या दोन पिशव्या आणि टाकीच्या सावलीतल्या दोन पिशव्या यांच्यात जो फरक होता, तो या 'थोडं जास्त'च्या तिप्पट होता. सहा-सहा पिशव्यांवर काहीही सांगता येत नाही. जीवामृत खोटं आहे असंही नाही, खरं आहे असंही नाही. माझी गच्ची लहान आहे, एवढंच सिद्ध झालं. टोमॅटोची बुडं काळी पडत होती ती मात्र थांबली, ती रोज ठरल्या वेळी पाणी द्यायला लागल्यावर, दोन्हीकडची. कॅल्शियम मातीत असतं, पाण्याची ये-जा अनियमित असली की ते फळापर्यंत पोचत नाही. लोक त्यासाठी अंड्याची टरफलं कुस्करून घालतात आणि टरफलं घातली म्हणून पाणीही नेमाने घालायला लागतात.

कान, गुडघा, टोमॅटो, तिन्हीकडे एकच भानगड दिसते का? आता हीच रीत माणसाच्या भविष्यावर लावून बघ, आणि ती आपल्याकडे लावून झालेली आहे. २००८ मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकरांनी ज्योतिषांसाठी चाचणी ठेवली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० बौद्धिकदृष्ट्या अपंग मुलांच्या पत्रिका, नावं काढून, मिसळून. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका, ओळखा कुठली कुणाची. २७ जणांनी उत्तरं पाठवली आणि त्यांचा एकूण निकाल नाणेफेकीच्या वर गेला नाही. एका ज्योतिष संस्थेने २०० च्या २०० पत्रिका घेतल्या, त्यांची १०२ बरोबर आली. पडद्यामागे केबल बदलणं आणि पत्रिकेवरचं नाव काढणं यात मला तसूभर फरक दिसत नाही. त्या चाचणीला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची साथ होती.

डॉक्टर आमच्या साताऱ्याचे. कबड्डीचे खेळाडू, त्यामुळे माझ्यासारख्या उशिरा जागे झालेल्याला त्यांचं व्यायामाचं कौतुक जास्त. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर सकाळी फिरायला निघालेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. मी त्या वेळी घाटात होतो, घरी येऊन बूट सोडत होतो तेव्हा काकूने टीव्हीकडे बोट दाखवलं. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते १८ वर्षं भांडले, त्याचा वटहुकूम त्यांच्यामागे चार-पाच दिवसांत निघाला, वर्षाअखेर कायदा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धावायला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो. याच्यावर मला आणखी लिहिता येत नाही.

आता देवळाचा अ‍ॅम्प्लिफायर. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा तक्रार होती, की कीर्तन नसतानाही भोंग्यातून गुणगुण येते. विश्वस्तांपैकी एक आजोबा ठामपणे सांगत होते, तो अनाहत नाद आहे, गाभाऱ्यातून येतो. भजनी मंडळाचे पेटीवाले बुवा शेजारी होते, त्यांना मी स्वर जुळवून बघायला सांगितला. बुवा म्हणाले, "पांढरी पाच. पण किंचित चढी." ४९ हर्ट्झ म्हणजे खालच्या सप्तकातली पांढरी पाच, पेटीची पाचवी पांढरी पट्टी, आणि आपली महावितरणची वीज ५० हर्ट्झ. अनाहत नाद कोयनेहून येत होता.

तू धंद्यातला नसलास तरी हे लक्षात ठेव. गुणगुण ५० ची असेल तर बहुधा अर्थिंगचा लूप. १०० ची, म्हणजे एक सप्तक वर, असेल तर पॉवर सप्लायचा मोठा कंडेन्सर वाळलाय. इथे ५० होती. मिक्सर गाभाऱ्याजवळच्या बोर्डावर, अ‍ॅम्प्लिफायर सभामंडपातल्या बोर्डावर, दोन्हींची अर्थिंग वेगळी, आणि मधे माइकच्या केबलची शील्ड, तारेवरची धातूची जाळी, त्या दोघांना जोडतेय. आधी येऊन गेलेल्या कारागिराने यावर सोपा उपाय केला होता, प्लगची अर्थची पिन कापून टाकली होती. गुणगुण कमी झाली असेल, पण ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला कीर्तनकार, हातात लोखंडी जाळीचा माइक, आणि अर्थिंग नाही. मी ते बघून खरंच घाबरलो. नवी पिन लावली, दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर घेतली, लाइनमध्ये एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकला, तो दोन्ही बाजूंचा तारेचा संबंध तोडतो आणि आवाज तेवढा पुढे जाऊ देतो. गुणगुण गेली. आजोबा जरा नाराज झाले.

म्हणून जातो. माझा देवाशी वाद असेल, शॉक लागणाऱ्या माणसाशी काय वाद? आणि खरं सांगू, एकादशीला त्या मंडपात पखवाज सुरू झाला आणि पन्नास माणसं एका ठेक्यावर टाळ वाजवायला लागली की मीही खांबाला टेकून शेवटपर्यंत थांबतो. ते ऐकायला काही मानावं लागत नाही. एकच अट मी विश्वस्तांना घातली आहे, रात्री १० नंतर भोंगा बंद. कायदाच आहे, २००० सालापासूनचा, आणि पहाटे मला धावायचं असतं.

तर केबल. शोरूमवाला परत घेणार असेल तर मुदत विचार आणि ती घेऊन एखाद्या रविवारी साताऱ्याला ये. माझ्याकडची दीड चौरसची वायर आहेच. काकूला पडद्यामागे बसवू, तिच्या हातात एक नाणं आणि वही देऊ. तिला दोन्ही केबलचं काही पडलेलं नाही, त्यामुळे तिच्याइतका योग्य माणूस मिळणार नाही. १६ पैकी १२ आले तर घे बापडा, आणि मी त्या सहा जणांना परत गाठून सांगीन. येताना धावायचे बूट असतील तर आण, सकाळी घाटात जाऊ. उतरताना एसटी आहे.